सांगावा सरकारचा, की भलत्याचाच?

आज माझं बोलणं ऐकताना जमलं तर फोन हाताशी ठेवा. तुमचा नसेल तर घरातल्या कुणाचा तरी. त्यात गेल्या महिन्याभरात सरकारच्या नावाने आलेले किती निरोप आहेत ते बघा. हप्ता जमा झाला, हप्ता बंद होणार, रेशनकार्ड रद्द होणार, पिकविम्याची यादी आली, शिलाई मशीन मोफत, शेवटची तारीख उद्या, लगेच लिंक उघडा, दहा जणींना पुढे पाठवा. एकेका गटाच्या ग्रुपवर दिवसाला असे तीन-चार तरी येतात.

यातले काही खरे असतात आणि काही साफ खोटे. पण बायकांची सर्वांत जास्त फसगत या दोन्हींनी होत नाही. ती होते तिसऱ्या जातीच्या निरोपाने. तो खराच असतो, सरकारनेच काढलेला असतो, फक्त शिळा झालेला असतो. सोमवारी खरा होता, शुक्रवारपर्यंत बदलला, आणि आपल्या फोनवर पोचला पुढच्या बुधवारी. खोट्याचा संशय तरी येतो. शिळ्याचा येत नाही, कारण त्याच्यावर शिक्का असतो, सही असते.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ, मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचं. २८ जून २०२४ ला महिला व बालविकास विभागाने पहिला शासन निर्णय काढला. त्यात वयाची अट होती २१ ते ६० वर्षं. अर्जाची मुदत १ जुलैपासून १५ जुलैपर्यंत, म्हणजे पुरता पंधरवडा. कुटुंबाकडे पाच एकरांपेक्षा जास्त जमीन नको, अधिवास प्रमाणपत्र हवं, उत्पन्नाचा दाखला हवा. झालं, तलाठी कार्यालयापुढे आणि सेतू केंद्रापुढे रांगा लागल्या. पेरणीचे दिवस, आणि बाया पहाटेपासून दाखल्यासाठी उभ्या.

आणि पाचच दिवसांनी, ३ जुलैला, दुसरा शासन निर्णय आला. वय ६५ पर्यंत वाढलं. जमिनीची अट गेली. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल असं ठरलं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही. कुटुंबातली एक अविवाहित मुलगीही पात्र झाली. मुदत गेली ३१ ऑगस्टपर्यंत, आणि पुढे तीही वाढत गेली.

आता विचार करा. २८ जूनचा कागद फोनवर फिरायचा थांबला का? मुळीच नाही. दोन्ही कागद एकाच वेळी फिरत होते, दोन्ही खरे, दोन्हींवर महाराष्ट्र शासनाचं नाव. ज्या बाईच्या हाती जुना आला ती बासष्ट वर्षांची असली तर घरीच बसणार. जिच्याकडे केशरी कार्ड आहे ती विनाकारण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मजुरी बुडवून फेऱ्या मारणार. महिन्याचे दीड हजार मिळणार की नाही, हे इथे कागदावरच्या तारखेवर ठरत होतं.

पूर्वी असं होत नसे का? पूर्वीची रीत वेगळी होती. गावात दवंडी व्हायची. कोतवाल हलगीवर किंवा डफावर थाप मारत चौकात उभा राहायचा आणि सांगायचा की उद्या वसुलीला अमुक साहेब येणार, परवा देवीची लस टोचणार. त्याने चुकीचं सांगितलं तर संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन विचारता यायचं. निरोपाला तोंड होतं, नाव होतं. मी दवंडीचे गोडवे गात नाही हं. ती गावठाणात ऐकू यायची. मळ्यातल्या वस्तीवर, वाडीवर, तांड्यावर नाही. आणि चौकातलं बोलणं घरात चुलीपुढे बसलेल्या बाईपर्यंत पुरुषाने आणून दिलं तरच यायचं.

मग फळा आला, चावडीवरची नोटीस आली, आकाशवाणी आली, सरकारी गाडीतून पडद्यावर दाखवला जाणारा सिनेमा आला. केंद्र सरकारचा क्षेत्र प्रचाराचा विभाग होता, गीत आणि नाटक विभाग होता. कलापथकं गावात येऊन साक्षरतेची, कुटुंब नियोजनाची नाटकं करायची. २०१७ साली ही खाती आणि जाहिराती देणारं खातं एकत्र करून एकच कार्यालय केलं गेलं. आपल्या राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे. ‘लोकराज्य’ मासिक त्यांचंच. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचं जिल्हा माहिती कार्यालय असतं. सरकारने काय ठरवलं ते वर्तमानपत्रांना, रेडिओला, लोकांना सांगायचं, हे त्यांचं काम. हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ बायकांना वाटतं की सरकारचं बोलणं म्हणजे पुढाऱ्याचं भाषण. तसं नाही. सरकारात हे काम पगार घेऊन करणारं स्वतंत्र खातं आहे, त्याला पत्ता आहे, तिथे जाऊन विचारता येतं.

बदल झाला तो असा. पूर्वी सरकारचा शब्द चार-पाच वाटांनीच गावात यायचा आणि प्रत्येक वाटेवर कुणीतरी जबाबदार माणूस बसलेला असायचा. आता हजार वाटा आहेत. मंत्र्यांचं पान वेगळं, जिल्हाधिकाऱ्यांचं वेगळं, पक्षाचं वेगळं, यूट्यूबवर योजना सांगणारा दादा वेगळा, आणि सेतू केंद्रवाल्याचा ग्रुप वेगळा. सगळे एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या अक्षरात. कोण अधिकाराने बोलतंय आणि कोण नुसतं बोलतंय, हे दिसण्याने कळत नाही.

त्यात फोन कुणाच्या हातात आहे हाही प्रश्न. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमागे ५४ जणींकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका शंभरात ३३, आणि पुरुष ५७. त्यानंतर फोन वाढलेच आहेत. तरीपण बाईसाठीची योजना, बाईच्या नावाचं खातं, आणि निरोप मात्र मुलाच्या फोनवर, असं चित्र आजही आपल्या आसपास दिसतंच. तो मुलगा पुण्याला कंपनीत कामाला असला की निरोप पुण्यालाच राहतो. म्हणून अर्जावर मोबाइल नंबर लिहायची वेळ येईल तेव्हा शक्यतो स्वतःचाच द्या, मग तो साधा बटनाचा फोन का असेना.

आता कामाचं सांगते. शासन निर्णय, ज्याला आपण सगळे जीआर म्हणतो, तो वाचायचा कसा? घाबरू नका, सगळा वाचायचा नाही. चार ठिकाणी बोट ठेवायचं.

सगळ्यात वर विषय असतो, त्याच्याखाली विभागाचं नाव. महिला व बालविकास, ग्रामविकास, कृषी, जे असेल ते. त्याखाली शासन निर्णय क्रमांक, मंत्रालयाचा पत्ता आणि दिनांक. ही तारीख पहिली बघायची. मग ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ असं लिहून खाली जुन्या कागदांची यादी असते. ती फार उपयोगाची. तिच्यात याच योजनेचा आधीचा निर्णय दिसला तर समजायचं की हा बदल करणारा कागद आहे, आणि याच्यानंतरही एखादा निघाला असेल. मग प्रस्तावना, ती खुशाल सोडून द्या. खरा मजकूर ‘शासन निर्णय’ या ठळक शब्दांखाली असतो.

आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य असतं, जे बहुतेक जण वाचत नाहीत. हा शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि त्याचा संकेतांक अमुक आहे, अशा अर्थाचं. त्यापुढे लांबलचक आकडा असतो. त्याचे पहिले आठ आकडे बघा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २८ जून २०२४ च्या कागदाचा संकेतांक २०२४०६२८ ने सुरू होतो. आता समजा एखाद्याने जुन्या कागदावरची वरची तारीख खोडून नवी घातली आणि फोटो फिरवला. खालचे आठ आकडे बदलायचं त्याला बहुधा सुचत नाही. वरची तारीख आणि खालचे आकडे जुळत नसतील, तर तो कागद पुढे पाठवायचा नाही.

हाच संकेतांक घेऊन शासनाच्या जीआरच्या संकेतस्थळावर कुणीही मूळ कागद शोधू शकतं. पत्ता सांगते, लिहून घ्या: जीआर डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन. गटातल्या शिकलेल्या मुलीला हे काम द्या. दहावी-बारावीच्या मुलीला दोन मिनिटांत जमतं. सापडला नाही तर ग्रामपंचायतीत जाऊन विचारायचं. ‘ग्रामसेवक भाऊ, या कागदाचा संकेतांक सापडत नाही, तुमच्याकडे आलाय का?’ असा प्रश्न विचारणाऱ्या बाईला उडवाउडवीचं उत्तर द्यायला धीर लागतो. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात आणि तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी, तेही लक्षात ठेवा, नाहीतर नव्या पाटीखाली जुना माणूस शोधत फिराल.

पत्त्यावरून आठवलं. फोनवर आलेल्या लिंकचा पत्ता नेहमी शेवटाकडून वाचायचा. http वगैरे जे पुढे असतं ते सोडा, पहिली तिरकी रेघ येण्याआधी काय आहे ते बघा. तिथे ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘निक डॉट इन’ असेल तर तो सरकारी पत्ता. नाव मध्ये कितीही सरकारी असो, ‘महाराष्ट्र’ असो, ‘लाडकी बहीण’ असो, शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑनलाइन’ आलं की ते सरकारी पान नव्हे. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी करायचा आदेश निघाला. आधी दोन महिन्यांची मुदत होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. त्या गडबडीत सरकारी पानासारखीच दिसणारी बनावट पानंही फिरली. तिथे आधार क्रमांक आणि ओटीपी भरला की खात्यातले पैसे जायची भीती. असले लोक आपल्यावर आधी घाईच घालतात. ‘आजच करा, नाहीतर बंद.’ सरकारी काम इतकं घाईचं कधी असतं का, तुम्हीच सांगा.

एसएमएसचीही एक खूण आहे. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी काही अक्षरं असतात, आणि आता त्यांच्या शेवटी आडवी रेघ देऊन एक इंग्रजी अक्षर येतं. दूरसंचार नियामकांनी, म्हणजे ट्रायने, २०२५ मध्ये तसा नियम केला. ‘जी’ असेल तर निरोप सरकारी, ‘पी’ असेल तर जाहिरात, ‘एस’ आणि ‘टी’ म्हणजे बँक वगैरे सेवांचे आणि व्यवहारांचे. साध्या दहा आकडी नंबरवरून आलेला ‘सरकारी’ निरोप असेल तर आधी ठिकाण विचारायचं. अर्थात आपल्या आशाताई, अंगणवाडी ताई स्वतःच्याच नंबरवरून कळवतात, त्यांना ओळखतो आपण. आणि समजा पैसे गेलेच, तर रडत बसायचं नाही, कुणी हसेल म्हणून लपवायचं नाही. १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा. हा सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेतच अडवले जायची शक्यता जास्त.

इथपर्यंत आपण आपलं काम बघितलं. पण सगळा भार आपल्यावरच का? सांगणाऱ्यानेही नीट सांगायला हवं की नाही?

२० जुलै २०२३ ची सकाळ आठवते का? सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने वाजायला लागले, पडद्यावर इशारा आला, आणि कुणाला काही कळेना. कुणाला वाटलं फोन हॅक झाला, कुणाला वाटलं बॉम्ब आहे. ती दूरसंचार विभागाची चाचणी होती. पूर, वादळ आलं तर त्या भागातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी इशारा पोचवायची सोय तयार होत होती. फार चांगली सोय आहे ती. इंटरनेट लागत नाही, नंबर कुणाला द्यावा लागत नाही, टॉवरच्या टप्प्यात असलेल्या फोनवर येतो. पण आधी चार दिवस गावोगाव सांगितलं असतं की अमुक दिवशी फोन वाजेल, घाबरू नका, तर सकाळची ती घबराट झालीच नसती. इशारा देणारं यंत्र बसवलं आणि इशाऱ्याची ओळख करून द्यायची राहिली, असं माझं मत आहे.

आणि वेळेवर न बोलण्याची किंमत याहून कितीतरी मोठी असते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा गाव आहे. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असा मजकूर तेव्हा राज्यभर फोनवर फिरत होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते, मंगळवेढ्याकडचे. लोकांना संशय आला आणि जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. पाच संसार उघड्यावर पडले. अफवा आठवडेच्या आठवडे फिरत होती. ती खोटी आहे हे त्या आधीच गावागावात, वाडीवर, अहिराणीत, भिलीत, कुणी ठामपणे सांगायला हवं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे, फार वेळा पुढे ढकलल्या गेलेल्या निरोपावर दोन बाण दिसू लागले. तुमच्या फोनवर ते दोन बाण दिसले की समजा, हा निरोप कुणी लिहिलाय ते पाठवणारीलाही ठाऊक नाही.

आता याच्या उलटं, चांगलं काम कसं झालं तेही ऐका. २००९ साली आपल्या देशात पोलिओचे ७४१ रुग्ण सापडले, जगातले जवळजवळ निम्मे. बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. पोस्टर्स होती, टीव्हीवर मोठमोठे नट सांगत होते, सगळं होतं. तरी काही वस्त्यांमध्ये दारं बंद व्हायची, कारण या थेंबांनी मुलं पुढे निपुत्रिक होतात अशी अफवा होती. तिथे उपयोगी पडल्या त्याच वस्तीतल्या बाया. युनिसेफच्या मदतीने उत्तर प्रदेशात २००१ पासून अशी एक फळी उभी केली गेली होती. त्या बाया घरोघर जायच्या, नाही म्हणणाऱ्या घरी पुन्हा जायच्या, आईशी बोलायच्या, सासूशी बोलायच्या, मशिदीतल्या इमामांकडून सांगायला लावायच्या. नुसते थेंब पाजा म्हणायच्या नाहीत. बाकीच्या लसी, हात धुणं, जुलाब झाल्यावर काय करायचं, हेही सांगायच्या, कारण आईला तेही प्रश्न असतात. २०१० मध्ये रुग्ण ४२ वर आले. लसही नवी, जास्त परिणामकारक आली होती, तिचा वाटा मोठा. पण बाटलीतली लस बाळाच्या तोंडात जायला दार उघडावं लागतं. शेवटची रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्याची दोन वर्षांची मुलगी. २७ मार्च २०१४ ला आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

आपल्याकडे आशाताई आणि अंगणवाडी ताई हेच करतात. सरकारच्या जनसंपर्काचा सगळ्यात खरा चेहरा त्याच. मात्र त्यांना स्वतःला बदललेला नियम कधी कळतो? पुष्कळदा आपल्याच बरोबर, त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर. शिव्या मात्र त्यांनाच खाव्या लागतात.

एक गोष्ट जरा नाजूक आहे, पण सांगायला हवी. माहिती वेगळी आणि प्रसिद्धी वेगळी. पानभर जाहिरातीत मंत्र्यांचे हात जोडलेले फोटो, योजनेचं नाव मोठ्या अक्षरात, आणि अर्ज कुठे करायचा ते खाली मुंगीएवढं. ती प्रसिद्धी. तो पैसा आपल्याच करातला असतो, साबणावरही कर भरतो आपण. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ ला सांगितलं होतं की सरकारी जाहिरातीत फोटो राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचेच असावेत. राज्यांनी आणि केंद्राने फेरविचार मागितला, आणि मार्च २०१६ मध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री यांच्या फोटोंनाही परवानगी मिळाली. फोटोला माझी हरकत नाही. पण जाहिरात हाती आली की मी तीन गोष्टी शोधते: कुणाला मिळणार, काय कागद लागणार, कुठे आणि कधीपर्यंत. या तीन नसतील तर ती वाचून आपल्या पदरात काही पडत नाही.

आणि खरं काय, खोटं काय, हे सरकारनेच एकट्याने ठरवावं का? केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा एक तथ्य तपासणी विभाग २०१९ पासून आहे. सरकारच्या नावाने फिरणारे खोटे निरोप तो उघडे पाडतो, आणि ते काम उपयोगाचं आहे. पण सरकारच्या कारभाराबद्दल काय खोटं ते सरकारच्या विभागाने ठरवायचं आणि फेसबुकसारख्या कंपन्यांनी ते मानायचं, असा नियम केंद्राने केला, तो मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवला. बरोबरच झालं, मला वाटतं. सावकाराची वही सावकारानेच तपासायची नसते.

मग आपला हक्क काय? माहितीचा अधिकार कायदा, २००५, आपल्याला ठाऊक आहे तो अर्ज करण्यापुरता. दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवसांत उत्तर, दारिद्र्यरेषेखाली असाल तर फुकट. पण त्याचं चौथं कलम त्याहून मोठं आहे. ते म्हणतं, लोकांनी मागायची वाट न बघता कार्यालयाने आपणहून माहिती द्यायची. अनुदानाच्या योजना कशा चालवतात, किती रक्कम ठेवली, लाभार्थी कोण, हेसुद्धा. आणि ती कशी द्यायची? स्थानिक भाषेत, आणि त्या भागात जी रीत सगळ्यांत परिणामकारक असेल त्या रीतीने. सूचना फलक, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा, माध्यमांवरचं प्रसारण, इंटरनेट, सगळी नावं कायद्यातच आहेत. म्हणजे ‘आम्ही वेबसाइटवर टाकलंय, बघा’ हे पूर्ण उत्तर होत नाही. ज्या गावात रेंज नाही तिथे वेबसाइट ही परिणामकारक रीत कशी?

२०१५ चा लोकसेवा हक्क कायदाही आहे. दाखला किती दिवसांत मिळणार, फी किती, देणारा अधिकारी कोण, दिला नाही तर अपील कुणाकडे, याचा फलक कार्यालयात लावलेला असला पाहिजे. पुढच्या वेळी तहसीलला गेलात की तो शोधा. कपाटामागे सापडला तर बाहेर काढायला सांगा.

यात आपल्या रेडिओची जागा कुठे, हे तुम्ही विचारालच. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आकाशातल्या लहरी ही लोकांची मालमत्ता आहे, कुण्या एकाची नाही. तो देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपले मराठी माणूस. २००६ मध्ये लोकसंस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. २००८ मध्ये आजच्या तेलंगणातल्या एका खेड्यात दलित बायकांनी चालवलेला संघम रेडिओ सुरू झाला, आणि त्याचं उद्घाटन करायला सावंत साहेबच गेले होते. त्याच वर्षी आपल्या म्हसवडला माणदेशीचा रेडिओ सुरू झाला. आम्हाला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही, आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा देता येतात. पण योजना समजावून सांगणं, अधिकाऱ्याला समोर बसवून तुमचे प्रश्न विचारणं, हे करता येतं. आणि आमच्याकडून चुकीचं सांगितलं गेलं, तर स्टेशन कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे.

आता ग्रामसभेचं. वर्षात चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा. तिची नोटीस सात दिवस आधी लागायला हवी. महिला सभेत या वेळी विषय मांडा की पंचायतीच्या ग्रुपवर येणाऱ्या प्रत्येक सरकारी निरोपासोबत विभाग, तारीख आणि संकेतांक टाकायचा. नियम बदलला की ‘आधीचा रद्द’ असं स्पष्ट लिहायचं. आणि तोच मजकूर मोठ्या अक्षरात अंगणवाडीच्या भिंतीवर लावायचा, कारण तिथे बायका रोज येतात, चावडीवर नाही. वाड्या-वस्त्यांसाठी मंदिराच्या किंवा शाळेच्या भोंग्यावरून सांगायचं. ठराव लिहून घ्या, त्यावर सूचक-अनुमोदक म्हणून आपल्यातल्या दोघींची नावं घाला, आणि इतिवृत्ताची नक्कल मागा. सभेची नोटीस दिसली की आधी ती लावल्याची तारीख त्यावर आहे का ते बघा. नसेल तर त्याच दिवशी तिचा फोटो काढून ठेवा. फोनमध्ये तारीख आपोआप राहते.